पंचवीस जोडे

लग्नाला लागतं काय हो? एक मुलगी, एक मुलगा आणि चालू पेन. बाकीचं सगळं हॉलवाल्यांनी वाढवून ठेवलंय. एका हॉलवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आल्यापासून मी हे गल्लीत ज्याला-त्याला सांगत सुटलो होतो. तो आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर मला पुन्हा पाणी प्यावं लागेल.

"आपण घरीच करू," मी पोरीला म्हणालो. "सकाळी नोंदणी कचेरीत सह्या, संध्याकाळी दुकानासमोर जेवण. सगळं आपल्या हाताने."

"बाबा, तुमच्याने होईल?"

"चाळीस वर्षं हाताने जोडे शिवतोय. लग्न म्हणजे तरी काय, दोन तुकडे नीट जुळवून टाका घालायचा."

तर मी जोडे शिवतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. पोरगी दवाखान्यात नर्स आहे. आमची ही दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी अंथरुणात बसून तिने एका वहीत पोरीच्या लग्नाची तयारी लिहून ठेवली. तेव्हा पोरीचं कुठे ठरलेलंही नव्हतं. मी म्हणालो, "एवढी कसली घाई?" तर म्हणाली, "घाई मला आहे, तुम्हाला नाही."

ती वही मी काम करता करता वाचायचो, मांडीवर जोड्याचा तळ आणि तळावर वही ठेवून. मनाशी एकच ठरवलं होतं. हिने लिहिलंय त्यातला काना-मात्रा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. त्या दिवशी पोरीच्या तोंडून 'आई असती तर' हे शब्द निघता कामा नयेत. बस, एवढंच.

वहीप्रमाणे वाटणी झाली. जेवण माझ्या मेव्हणीकडे, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीकडे. दिवे 'कुणीतरी ओळखीचा' असं लिहिलं होतं, ते जावयाकडे गेले. तो वायरमनच आहे. आणि पानाच्या तळाशी, खाली दोन रेघा मारून:

"जोडे पंचवीस. हे तुम्ही बघा. महिनाभर आधी हाती घ्या, आयत्या वेळी जमत नाहीत. सगळे एकसारखे नकोत. दोन-चार जुने असले तर शोभा येते."

तीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे एकदाही ऑर्डर दिली नव्हती. "आधी गिऱ्हाइकांचं बघा, मला ही चप्पल पुरे," म्हणायची. आणि जाता जाता दिली ती एकदम पंचवीस जोड्यांची! कशासाठी, हे कळायला मला वेळ लागला नाही. आल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही हा तिचा स्वभाव. शेजारीण साखर मागायला आली तर ही वर चहापूडही द्यायची. लग्नाला येणाऱ्यांना जोडे द्यायचे, दुसरं काय?

आता मापं कुणाची घ्यायची? मी माणसं तोंडावरून ओळखत नाही, पायावरून ओळखतो. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांची वही आहे. तिच्यातून घरोब्याचे पाय निवडले. पोस्टमन, उजवी टाच झिजवणारा. समोरचा शिंपी, बदकासारखा सपाट तळवा. शाळेतल्या बाई, अंगठ्याशी हाड वर आलेलं. असे चोवीस पाय निवडले. त्यांतल्या दोन-तीन जणांचे जुने जोडे दुरुस्तीला येऊन तसेच राहिले होते, त्यांना शोभेसाठी तेच द्यायचे ठरवले आणि कामाला लागलो.

पोरीला संशय यायचं कारणच नव्हतं. तिने जन्मल्यापासून मला जोडे शिवतानाच पाहिलंय. कामावरून आली की दारातूनच विचारायची.

"बाबा, जोडे किती झाले?"

"अठरा झाले. सात राहिलेत."

"काही अडचण?"

"दोन जुने आहेत ना, ते फार ढिले झालेत."

"मग त्यांना आणायला गाडी पाठवू."

"गाडी कशाला? मी पिशवीत घालून आणतो की."

पोरगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दोन वर्षांनी ती अशी हसली म्हणून मीही हसलो. कशाला ते मला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी पुन्हा तेच.

"सगळे खूश आहेत ना बाबा?"

"एक जोडा फार कुरकुर करतोय."

"त्यांना काय झालं?"

"काही नाही, ताठ आहे. तेल लावून बघतो."

"तेल नको. थोडं लोणी लावा. ऐकतील."

चाळीस वर्षांत मी जोड्याला लोणी लावलेलं नाही. पण पोरगी शिकलेली, म्हटलं असेल काही शास्त्र. लावून पाहिलं. जोडा खरंच गप्प झाला. दुकानात मांजर मात्र येऊ लागलं.

शेवटचा प्रश्न खुर्च्यांचा होता.

"पन्नास सांगा," पोरगी म्हणाली.

"पंचवीस जोड्यांना पन्नास?"

"एका जोड्याला दोन नकोत का?"

मी विचार केला. डाव्याला एक, उजव्याला एक. मोठ्या लग्नांत असंच मांडत असतील. मला मोठ्या लग्नांतलं काय कळतं? मी पन्नास सांगून आलो.

लग्नाचा दिवस उजाडला. सकाळी सह्या झाल्या. कचेरीतलं पेन चालत नव्हतं, माझ्या खिशातलं चाललं, त्यामुळे माझी छाती दोन इंच फुगली. जावयाकडून त्याची आई तेवढी आली होती. फार सभ्य बाई. दुपारी जावयाने दुकानापासून शिंप्याच्या खिडकीपर्यंत दिव्यांच्या माळा सोडल्या. पोरगी आत तयार होत होती. मी पन्नास खुर्च्या मांडल्या, फडक्याने पुसल्या आणि एकेका खुर्चीवर एकेक पाय ठेवला. डावा, उजवा, डावा, उजवा. सगळ्यांना चकाकी. लांबून असं वाटत होतं की पन्नास माणसं बसली होती आणि घाईघाईने वर उडून गेली.

साडेचार वाजता मेव्हणी टेम्पोतून पातेली घेऊन उतरली.

"भाओजी, जेवण तयार आहे. जोडे कुठायत?"

"बसवलेत की."

तिने बघितलं. हातातलं झाकण हातातच राहिलं.

"हे काय आहे?"

"जोडे. पंचवीस. मोजून घे."

"माणसं कुठायत?"

"ती पोरगी बोलावणार होती."

पोरगी दारात येऊन उभी होती. "मी? बाबा, जोडे तुमच्याकडे होते ना! महिनाभर मी रोज विचारतेय."

"मग मी रोज सांगत नव्हतो?"

मेव्हणीने जवळच्या खुर्चीवर बसकण मारली, मग उठून खालून पोस्टमनचा डावा काढला आणि परत बसली. "जोडे म्हणजे जोडपी, भाओजी," ती लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली. "नवरा-बायको. माणसं. तुम्ही लग्नाला बोलावलंत कुणाला?"

मी आठवून पाहिलं. "मांजर येतं."

कुणी हसलं नाही. जावयाच्या आईने सभ्यपणे गर्दी आपल्यालाही सोसत नाही असं सांगितलं. जावई एक दिवा उगाच पिळत राहिला. पोरीने त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई असती तर..." आणि ओठ मिटून घेतले.

निघालेच ते शब्द. ज्यासाठी महिनाभर बोटं टोचून घेतली, तेच.

"मला अर्धा तास दे," मी म्हणालो आणि दुकानात शिरून मापांची वही काढली. मापाखाली गिऱ्हाइकाचा फोन नंबर असतो. पहिला पोस्टमनला लावला.

"तुमचा जोडा तयार आहे."

"मी सांगितलाच नव्हता."

"तरी तयार आहे. आत्ता या, बायकोला घेऊन या. जोड्याने आलात तरच मिळेल."

"किती द्यायचे?"

"काही नाही. वर जेवण आहे."

त्याने आवाज खाली आणला. मग, "तब्येत बरी आहे ना?"

"पोरीचं लग्न आहे हो. तुम्हाला बोलवायचं राहिलं. जोडा मात्र शिवलाय."

"आलोच," पोस्टमन म्हणाला.

असे चोवीस फोन करायचे होते. पण खरं सांगायचं तर पहिल्या सहा-सातानंतर फोनची गरजच उरली नाही. चाळीस वर्षांत मी सांगितलेल्या दिवशी कुणाला जोडा दिलेला नाही. न सांगितलेला जोडा वेळेआधी तयार आहे ही बातमी गल्लीत आगीसारखी पसरली. लोक खरंखोटं करायला आले. काही बायका पोळपाट सोडून, पिठाच्या हाताने आल्या.

पुढचा तासभर जे चाललं त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. मेव्हणीने रागाने सगळे जोडे गोळा करून एका कोपऱ्यात ढीग केला होता. त्यात जो-तो आपला पाय शोधत होता.

"हा डावा कुणाचा? माझ्याकडे दोन्ही उजवे आलेत."

"इकडे द्या, तुमच्या पायात तो शिरतो तरी का?"

शिंप्याची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "यांना जोडा, आणि माझ्या पायांना काय काटे आहेत का?" जुने जोडे ज्यांचे होते त्यांनी ते ओळखले. "हा तर मी चार वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकला होता," एक आजोबा म्हणाले, आणि शोभा खरंच आली. शाळेतल्या बाईंच्या वाट्याला लोण्याचा जोडा गेला. मांजर संध्याकाळभर त्यांच्या मागे होतं, आणि बाई सगळ्यांना सांगत होत्या की जनावरांना माणूस बरोबर कळतो. अनोळखी माणसं एकमेकांच्या पायात बघत बोलायला लागली, ती जेवण होईपर्यंत थांबली नाहीत. जावयाच्या आईला गर्दी सोसत नव्हती, पण वाढायला तीच पुढे होती.

दोन खुर्च्या तेवढ्या रिकाम्या राहिल्या. आणि एक जोडा.

तो मेव्हणीने उचलला. "हा कुणाचा? बायकी दिसतोय."

"बाबा," पोरगी म्हणाली, "माझा का?"

मी तिच्या पायांकडे पाहिलं. नवरी दवाखान्यातल्या रबरी चपलेत उभी होती. पंचवीस जोडे शिवले, आणि नवरीसाठी एकही नाही.

त्या जोड्याचं असं झालं होतं. चोविसावा संपला तेव्हा मापांच्या वहीत घरोब्याचा पाय उरला नव्हता. हात आपोआप वरच्या फळीवर गेला. तिथे हिच्या मापाचा लाकडी साचा होता. लग्नाच्या वर्षी तासला होता, एकदाही वापरला नव्हता. त्याच्यावर शिवला. कशाला, ते विचारू नका.

हे मी एवढं बोललो नाही. "घालून बघ," एवढंच म्हणालो.

तिने घातला. बोटभर मोठा झाला. दवाखान्याच्या पिशवीतून कापूस काढून तिने दोन्ही टाचांत भरला आणि चार पावलं चालली.

"चावतो का?"

"नाही. आईचा पाय मोठा होता, एवढंच."

मग ती जावयाला घेऊन त्या दोन खुर्च्यांवर जाऊन बसली. मला चमच्यांचं काहीतरी बघायचं होतं, म्हणून मी पाठ वळवली.

इथेच थांबलो असतो तर माझी लाज राहिली असती. पण पोरीला सासूला आईची वही दाखवायची होती. ती चाळता चाळता म्हणाली, "बाबा, हे पान जाड लागतंय. चिकटलंय."

चिकटणारच. चामडं चिकटवायचं सोल्यूशन, त्याच हाताने मी वही वाचत होतो. पोरीने पिशवीतून स्पिरिट काढलं आणि जखमेवरची पट्टी सोडवावी तसं पान अलगद सोडवलं. आत हिच्या अक्षरात चोवीस जोडप्यांची नावं होती. पोस्टमन होता, शिंपी होता, बाई होत्या. मी मोजली, चोविसातली सतरा तिथेच बसून जेवत होती. पंचविसावं नाव असं होतं: 'आपली पोर आणि तो, जो कुणी असेल तो.'

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. ती मेव्हणीने वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"जोडे म्हणजे माणसं, अहो. पायातले नव्हेत. शंका आली तर धाकटीला विचारा, आणि नाही आली तर नक्की विचारा."

लोकांनी सांगितलं म्हणून तिने ती पुन्हा एकदा वाचली. मी ते पान होतं तसं चिकटवून टाकावं म्हणून सोल्यूशनचा डबा शोधायला गेलो. पण तो पोरीने सकाळीच माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवून दिला होता. ते हिने पोरीसाठी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं म्हणे.