तारकी काही बुडत नाही

एक ओळ गाळायची, एवढंच मी ठरवलं होतं. बोर्लीच्या एका कचेरीत मी कारकून आहे. तिथे अख्खा परिच्छेद गाळून टिपण पुढे सरकवतो, कुणाच्या बापाला कळत नाही. मग घरी एका ओळीने काय आभाळ कोसळणार होतं?

पण आधी आमच्या घरची रीत सांगायला हवी. माझे वडील रामजी गुरुजी, शाळामास्तर, आता निवृत्त. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, ते वर्षानुवर्षं बाबांनी केलं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, पुढचं पान कुणी चोरून बघायचं नाही. हाच नियम त्यांनी घरातल्या गोष्टींच्या पुस्तकांनाही लावला. त्यामुळे 'काळ्या खाडीचं सिंहासन' या राजे, चेटकिणी आणि आग ओकणाऱ्या सर्पांच्या नऊ भागांच्या कादंबरीचे पहिले आठ भाग आम्ही पडवीत ताठ बसून ऐकले. (पाय पसरायची सोय नव्हती.)

सगळ्यांत पक्की श्रोती माझी आई, सखू. दिवेआगरच्या वाड्यांतली सुपारी सोलायला घरी आणायची आणि सोलता सोलता ऐकायची. अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या राजाचा कोण मेव्हणा हे तोंडपाठ. तिचा सगळा जीव तारकी नावाच्या म्हाताऱ्या नावाडणीवर. ती राजालासुद्धा शिव्या घालून होडीत बसवायची. आठवा भाग संपला तेव्हा तारकीने भर पुरात होडी घातली होती.

"नवव्यात ती वाचंल ना वो?" आईने विचारलं.

"लेखकाला ठाऊक," बाबा म्हणाले.

लेखकाने नववा भाग लिहायला इतकी वर्षं लावली की तोवर साखरेने बाबांचे डोळे गेले. समोर नुसतं धुकं दिसतं म्हणतात. आणि गेल्या साली आई गेली. सुपारी सोलता सोलता कलंडली, पाणी द्यायलाही वेळ मिळाला नाही. यंदा पुस्तक आलं, तर बाबा म्हणाले, "ठेव कपाटात. जिला घाई होती तीच नाही." जेवणही अर्धं टाकायला लागले होते. मग मीच वाचायला बसलो.

पुस्तक, खरं सांगतो, फसलेलं. तिसऱ्या भागात मेलेला घोडा यात खुशाल चारा खातो. सेनापतीचा डावा डोळा गेलेला, इथे उजवा गेलाय. बाबा चिडायचे. "पेपर संपायला पाच मिनिटं उरली की पोरं असंच लिहितात!" पण दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की तेच हाक मारायचे, "सम्या, आण रे तो भिकार ग्रंथ." आम्हाला मजा यायची त्या पुस्तकाची, आता काय सांगू! शिव्या घालत, हसत, बाबा दोन घास जास्त जेवायला लागले.

आणि मग ती ओळ आली. 'त्या पुरात तारकीही गेली.' बस्स. मागे काही नाही, पुढे काही नाही. ही ओळ गाळायचीच, असं ठरवून मी बाबांकडे पाहिलं. ते पुढे झुकून ऐकत होते. गाळायचं राहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या पुरातून तारकी... पोहत बाहेर आली."

"शाब्बास!" बाबांनी मांडीवर थाप मारली.

झालं! जिवंत ठेवली म्हणजे पुढे सांभाळायलाही नको का? युद्धाची मसलत असो, राज्याभिषेक असो, बाबांचा एकच प्रश्न, "तारकी काय म्हणाली?" मला राजवाड्यातलं काय कळतंय? मला बोर्लीतलं कळतं. तेव्हा तारकीने अख्ख्या सैन्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली.

"अहो, त्या राज्यात सुकट मिळते?" आतून प्रज्ञाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

"समुद्र आहे तिथे!" मी ओरडलो.

"राजाला काय म्हणाली?" बाबा.

"म्हणाली, मेल्या, मुकुट काढ नि जेवायला बस. डोक्यावर वझं घेऊन कोन जेवतं?"

बाबा डोळे पुसून पुसून हसले. मग एकदम थांबले. "पण होडी परवा बुडाली ना रे? आज ही कुठून आली?"

"दुसरी आणली."

"कुठून?"

"दिघीवरून," मी बोलून गेलो. (काळ्या खाडीच्या राज्यात आमच्या शेजारची दिघी!) बाबांनी शांतपणे मान डोलावली. मला वाटलं, पचलं.

शेवटी पुस्तक संपलं. लेखकाने महायुद्ध दोन पानांत गुंडाळलं. "आणि तारकी?" बाबांनी विचारलं.

"तारकी... किनाऱ्यावर बसली. पुढ्यात सुपारी घेतली. म्हणाली, चला, आता पुढचं वाचा..." मी पुस्तक मिटलं. प्रज्ञा हातात डाव घेऊन दारात उभी राहिली होती.

"सम्या," बाबा हळूच म्हणाले, "खरं काय लिहिलंय?"

मी ती ओळ वाचून दाखवली.

"एका ओळीत गेली?"

"हो, बाबा."

"तुझी आईपण तशीच गेली रे. एका ओळीत. एवढं एकच त्या लेखकाने बरोबर लिहिलंय." मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मीही रडलो, लपवत नाही.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"वाचायचं सोंग करणारी पोरं आयुष्यभर ऐकली मी. तारकी आली की तुझं पान उलटायचं थांबायचं." ते काठी शोधत उठले. "उद्या पुढचं वाच."

"बाबा, पुस्तक संपलं."

"तारकीचं कुठे संपलंय? फक्त पान उलटत जा. म्हणजे मला खरं वाटेल."

दुसऱ्या संध्याकाळी मी तेच पुस्तक उघडून बसलो आणि आठवणीने पानं उलटत तारकीला बोलती केली. जरा रंगात येतो न येतो तोच बाबांनी हात वर केला.

"सम्या, अडखळ मध्ये मध्ये. तुझं वाचन इतकं चांगलं कधीच नव्हतं."