घरात कोणी राहत नाय

आपलं घर घरासारखं दिसतं, याची भीती कधी वाटली आहे का तुम्हाला? देवरामला वाटली. अशी वाटली, की त्याच्या घशाखाली भात उतरेना.

देवरामचं घर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. गड चढायला येणारी शहरातली पोरं त्याच्याकडे मुक्कामाला उतरत. त्याची बायको सकुबाई त्यांना तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढायची, आणि देवराम बिबट्याच्या गोष्टी सांगायचा. (बिबट्या त्याने एकदाच पाहिला होता, तोही झाडावरून. बिबट्या खाली होता.)

यंदा पर्यटनाचे नियम बदलले. पर्यटनातलं गावालाही मिळावं आणि जंगलही टिकावं, असा त्यामागचा विचार. ग्रामसेवकांनी ग्रामसभेत सगळं नीट वाचून दाखवलं. पण 'तपासणी होऊन ज्या घराची नोंद होईल, तिथेच पाहुणे ठेवता येतील' एवढंच देवरामने ऐकलं. पुढचं त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. घरी येऊन तो भर दुपारी गोधडी पांघरून पडला. नोंद झाली नाही तर पोरं येणार नाहीत, आणि ती आली नाहीत तर भात कापून झाल्यावर पुन्हा वीटभट्टीवर जावं लागणार.

शेवटी त्याने एक छोटासा निर्णय घेतला. चुलतभावाला, दिपेशला विचारायचं. दिपेश कल्याणला हॉटेलात वेटर होता; म्हणजे गावाच्या लेखी पर्यटनातला मोठा माणूस.

"दादा," दिपेश म्हणाला, "हॉटेलात मालकाची बायको भाकऱ्या थापताना बघितलीस कधी?"

"नाय."

"कोंबडी बघितलीस?"

"ताटात."

"मग? पाहुण्याला सगळं क्लीन पायजे. घरचं माणूस दिसलं की नापास!"

नापास हा शब्द देवरामच्या जुन्या ओळखीचा होता.

तपासणीच्या दिवशी दिपेश सकाळीच मदतीला हजर झाला. कणगी, गोधड्या, भांडी, सगळं शेजारच्या कमळाबाईकडे गेलं. चूल शेणाने सारवून तिच्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी बसली. शेवटी देवराम सकुबाईसमोर येऊन नुसताच उभा राहिला.

"म्हंजे मी पण?" सकुबाई म्हणाली. "अवो, मी काय जळमट हाय झाडून काढायला?"

"अगो, एका दिवसाचा सवाल हाय. हात जोडतो."

सकुबाईने पदर खोचला, पिठाचा डबा काखेत मारला आणि काही न बोलता कमळाबाईकडे निघून गेली. ती बोलली असती, तर देवराम एवढा घाबरला नसता.

तपासणीच्या मॅडम आल्या. चांगल्या हसतमुख होत्या, पण देवरामला त्यांच्या हातातलं पेन तेवढं दिसत होतं. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"प्लास्टिक?" मॅडमनी बाटलीकडे पाहिलं, मग कुंडीकडे. "बरं, घरात कोण कोण राहतं?"

"कोणी नाय, मॅडम! शप्पत! एक माणूस नाय!"

"कोणीच नाही?"

"मी पण नाय!"

तेवढ्यात पाहुण्यांच्या खाटेखालून कॉक्‌ऽऽ असा आवाज आला. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवायची हिंमत दिपेशलाही झाली नव्हती.

"ही एकटीच राहते वाटतं," मॅडम म्हणाल्या. "देवरामदादा, नियमात पहिलीच अट आहे. घरचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं. घरचं जेवण, घरची माणसं. ग्रामसभेत सांगितलं नाही का कोणी?"

देवरामने मागे पाहिलं. दिपेश कधीच कुंपणापलीकडे पोचला होता.

मॅडमना भूक लागली होती. शेजारून भाकरीचा वास आला तशा त्या सरळ कमळाबाईच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सकुबाईने गरम भाकरी वाढली. मॅडम खाऊन तृप्त झाल्या आणि म्हणाल्या, "वा! मग याच घराची नोंद करायची का?"

कुंपणाशी उभ्या देवरामने कुंपणाचा खांब घट्ट धरला.

"करा की," कमळाबाई खुशीत म्हणाली.

"नाय मॅडम," सकुबाई म्हणाली. "माझं घर त्ये, बाजूचं. पण तिथं राहायची मला परवानगी नाय."

"अगो, हाय!" देवराम ओरडला. "परवानगी हाय! मॅडम, ही माझी बायको!"

"मगाशी तर तुम्हीही तिथे राहत नव्हता," मॅडम म्हणाल्या. "मी आज गावातच आहे. उद्या जाताना येईन. घर जो चालवतो, त्याचं नाव लिहीन."

देवरामने एकट्याने कणगी ओढत परत आणली. कुंडी उचलली, चूल पेटवली, डोळे चोळत धुराशी भांडला. प्रत्येक खेपेला ओट्यावरच्या सकुबाईला विचारत होता, "आता येतेस ना गो?" आणि ती म्हणत होती, "बघू. पाहुण्यांना तरास नको."

दिवेलागणीला ती आली. पण आधी उंबऱ्यात उभं राहून तिने घराची तपासणी केली. देवराम मॅडमपुढे घाबरला नव्हता एवढा तिच्यापुढे घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मालकीण म्हणून सकुबाईचं नाव लिहिलं, देवरामच्या नावापुढे काय लिहू म्हणून तिलाच विचारलं, तिने "लिवा, सामान उचलतो" असं सांगितलं, आणि देवरामने मॅडमची बॅग गाडीपर्यंत नेऊन ठेवली.