बसलिंगअप्पांनी पसंत केलेला आवाज

बसलिंगअप्पा टीव्हीच्या दुकानात शिरले की सरळ मागच्या कोपऱ्यात जातात आणि फरशीवर मांडी घालून बसतात. खुर्ची पुढे केली तर हातानंच नको म्हणतात. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर कापडी पिशवी. समोरचा सेल्समन भांबावून उभा असतो. त्याला म्हणतात, "हां, आता लाव."

हे मी एकदा नाही, सात दुकानांत पाहिलंय. नांदेडला चार आणि लातूरला तीन. सातही ठिकाणी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो आणि सातही ठिकाणी मी त्यांच्याबरोबर नाही असं दाखवत होतो. कुठे फ्रीजचं दार उघडून बघ, कुठे मिक्सरची भांडी मोज.

झालं असं की अहमदपूरला आमच्या कॉलनीत एक बालभवन आहे. बालभवन म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, खाली सतरंज्या आणि अठ्ठावीस पोरं. सुनंदाताई ते चालवतात. कॉलनीनं वर्गणी काढली आणि ठरलं की पोरांसाठी एक टीव्ही आणि बऱ्यापैकी स्पीकर घ्यायचे, म्हणजे रविवारी चांगले सिनेमे दाखवता येतील. पैसे बेताचेच होते. खरेदीला दोघांची नावं निघाली. मी, कारण मी शाळेत मास्तर आहे, गॅदरिंगची नाटकं बसवतो आणि मला आवाजातलं कळतं असा लोकांचा समज आहे. आणि अप्पा, कारण त्यांनी स्वतःच हात वर केला.

अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी पितळेच्या घागरी बोटाच्या पेरानं वाजवून विकल्या. सत्तरी ओलांडल्यावर दुकान भाच्याला दिलं. बोट मात्र अजून थांबलेलं नाही. एसटीची खिडकी, हॉटेलातला ग्लास, माझं हेल्मेट, दिसेल ते वाजवून बघतात. नांदेडला जाताना बसमध्ये पुढच्या सीटचा पत्रा वाजवून मला म्हणाले, "ढिला हाय." पुढच्या सीटवरच्या बाई घाबरून उठून दुसरीकडे बसल्या.

पहिल्या दुकानातला माणूस हुशार होता. त्यानं पाच स्पीकर आणि पोटाएवढा वूफर असलेला सेट लावला. नाचाचं गाणं सुरू झालं. काउंटरवरचा चहाचा कप बशीत थरथरायला लागला. मी खूश. असं काहीतरी पोरांना आवडणार, कॉलनीत नाव होणार.

अप्पांनी कोपऱ्यातून हात वर केला. "बंद कर बाबा. धडाम-धुडूम नको. बोलणं दाखव."

"बोलणं म्हणजे?"

"मानूस बोलून राहिलेला लाव. बातम्या लाव."

त्या महागड्या सेटवर बातम्या लागल्या. अप्पा डोळे मिटून बसले. मग उठून दाराशी गेले, जिथे रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज येत होता, आणि तिथेही फरशीवर बसले. येणारी गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून आत येऊ लागली. "बाई काय म्हन्ली आता? कुठं पाऊस पडला म्हन्ली?" त्यांनी सेल्समनलाच विचारलं. त्याला सांगता येईना. "बग. तू हितला मानूस असून तुला कळंना. माझ्या लेकरांला काय कळंल?"

पिशवीतून मग सुतळी निघायची. तिला गाठी मारलेल्या होत्या. एक गाठ खोलीच्या लांबीची, एक बसलेल्या बारक्या पोराच्या डोळ्याच्या उंचीची. सुतळी टीव्हीपासून ताणत ते दुकानभर फिरायचे. लातूरच्या एका दुकानात तर त्यांनी कहर केला. तीन सेल्समनना ओळीनं खाली बसवलं. "ही माझी पयली रांग. मास्तर, तू दुसऱ्या रांगंत बस."

"अप्पा, मी उभा आहे तोच बरा आहे."

"बस रे. उभ्या मानसाला काय कळतंय."

मी बसलो. आणि तेवढ्यात दुकानात माझ्याच वर्गातल्या एका मुलीचे वडील शिरले. नमस्कार म्हणाले. मी फरशीवरून नमस्कार केला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाकीट काढून विचारलं, "सर, काही अडचण आहे का?"

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी अप्पांशी बोललो नाही. ते मात्र खुशीत होते. पसंत पडलं होतं एकदाचं. मध्यम आकाराचा टीव्ही, खालच्या उंचीवर लावायचा. मोठ्या वूफरच्या जागी दोन उभे, साधे दिसणारे स्पीकर, ज्यांच्यातून बोलणं स्वच्छ येत होतं. आणि एक माइक, कारण सुनंदाताईंचा घसा लवकर बसतो आणि गोष्ट सांगताना मागच्या पोरांपर्यंत पोचत नाही. हे सुनंदाताईंच्या घशाचं त्यांना कधी कळलं, मला माहीत नाही. मी तीन वर्षं बालभवनात ये-जा करतोय, मला कळलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही माझे कान गरम होतात.

सामान आलं, भिंतीवर लागलं. शनिवारी दुपारी जोडणी तपासायला आम्ही जमलो होतो. सुनंदाताई होत्या, कॉलनीतली चार-पाच माणसं होती, आणि दहा-बारा पोरं सतरंज्या झटकत होती. अप्पा दिसत नव्हते. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, माइक बघा चालू आहे का."

मी माइक हातात घेतला. आता एक सांगायला हवं. मला नकला करता येतात, आणि लोक हसले की मला थांबता येत नाही. मी खांद्यावर टॉवेल टाकला, धोतर सावरल्यासारखं केलं आणि सतरंजीवर फतकल मारून अप्पांच्या आवाजात म्हणालो, "हां, आता लाव. धडाम-धुडूम नको. बोलणं दाखव!"

जो काही हशा पिकला! पोरं तर लोळायला लागली. मी भिंत वाजवली, "ढिली हाय." पुन्हा हशा. मग मी उठून एका पोराचं डोकं बोटानं वाजवलं आणि कान लावून मान हलवली, "रिकामं हाय." सुनंदाताईंनाही हसू आवरेना. तिथे थांबलो असतो तर चाललं असतं. पण मी चढलो होतो. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, "काय करू मास्तर, घरात बोलायला कुनी न्हाई. म्हनून दुकानात जाऊन बातम्या ऐकतोय!"

मोठी माणसं जरा कमी हसली. पोरं मात्र तेवढीच हसली.

आणि दारातून अप्पा आत आले. हसतच आले. आमच्याकडे बघत, मान डोलावत, सगळ्यांबरोबर हसत राहिले. हशा विरला तेव्हा म्हणाले, "मी भायेर लिंबाखाली उभा होतो, कुठवर ऐकू येतंय बगायला. आवाज साफ हाय. शेजाऱ्यांला तरास होईल, जरा कमी ठेवा." त्यांनी एका स्पीकरचं तोंड बोटभर आत वळवलं आणि गेले.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. हसले म्हणजे त्यांना नीट कळलं नसावं. किंवा कळलं असलं तरी गमतीवारी नेलं असावं. सुनंदाताई माझ्याकडे न बघता सतरंजीची घडी घालत होत्या. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होत्या.

रविवारी सिनेमा झाला नाही, कारण वीज गेली. पुढच्या रविवारपर्यंत ढकलला. मधल्या चार दिवसांत अप्पा बालभवनाकडे फिरकले नाहीत. एरवी दिवसातून दोनदा यायचे. बुधवारी सुनंदाताई म्हणाल्या, "टीव्हीचं वॉरंटी कार्ड अप्पांकडे आहे. घेऊन या." मी म्हटलं कुणाला तरी पाठवतो. त्या म्हणाल्या, "तुम्हीच जा."

अप्पांचं घर मी तोवर आतून पाहिलेलं नव्हतं. दोन खोल्या, लख्ख घासलेली भांडी, भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. मुलगा हैदराबादला असतो, हे ऐकून होतो. कोपऱ्यात टीव्ही होता. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड टाकलेलं होतं, आणि कापडावर धुळीचा थर होता. एवढ्या स्वच्छ घरात तेवढ्याच जागी धूळ.

"ये मास्तर. शरणार्थ," त्यांनी हात जोडून म्हटलं. "बस. नगं, इकडं बस, उजव्या अंगाला." त्यांनी चहा ठेवला. मी वॉरंटी कार्डाचं बोललो. ते पिशवीतच होतं, पण त्यांनी लगेच काढलं नाही.

"तुला एक इचारू? त्या दोन सपीकरावरून तू माझ्यावर चिडला व्हतास. तो पाचवाला घ्यायचा व्हता तुला."

"नाही अप्पा, तसं काही..."

"हाव, चिडला व्हतास. मला सांगायला पायजे व्हतं तुला." त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "ह्यो फुटला. पाच-सहा वर्साचा आसंन मी. तवापासून ह्या बाजूचं कायबी न्हाई. साळंत मास्तर मला मागं बसवायचे, उंच व्हतो म्हनून. मागून अर्धं कळायचं, अर्धं न्हाई. मास्तर गमतीचं कायतरी बोलायचे, सगळी पोरं हसायची. मंग मीबी हसायचो. घरी आल्यावर माय इचारायची, आज काय शिकवलं? मी म्हनायचो, आज लई हसलो."

चहा उतू आला. त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

"तिला वाटायचं पोरगं खूश हाय. म्हनून कोपऱ्यात बसून बगतो मी, मास्तर. आपल्या खोलीत कोपऱ्यातलं एकबी लेकरू दुसऱ्याच्या तोंडाकडं बगून हसू नये. बस. दुसरं काय न्हाई."

मला शनिवार आठवला. ते दारातून हसत आले होते, आमच्या तोंडाकडे बघत. खोटं वाटेल, पण त्या क्षणी माझ्या मनात आशाच आली. मी विचारलं, "म्हणजे शनिवारी, सगळे हसत होते तेव्हा, तुम्ही..."

"न्हाई, न्हाई," अप्पा म्हणाले. "शनिवारी सगळं ऐकू आलं." त्यांनी चहा गाळला. दोन कप होते, दोन्ही काठोकाठ भरले. "नक्कल लई झाक करतोस तू. आन् ते बातम्याचं म्हन्लास ते खरं हाय. टीव्ही हाय की घरात. पर एकट्यानं लावू वाटत न्हाई. ती गेल्यापासून न्हाई लावला."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. मी चहा प्यालो. गरम होता, जीभ भाजली, तरी पीतच राहिलो, कारण तोंड रिकामं झालं असतं तर बोलावं लागलं असतं. वॉरंटी कार्ड घेऊन मी बाहेर पडलो. गल्लीच्या वळणावर थांबलो, परत फिरलो, त्यांच्या दारापर्यंत गेलो. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी तसाच मागे फिरून घरी आलो. वर्गात चाळीस पोरांना खोटं बोलू नये, चूक कबूल करावी म्हणून सांगणारा माणूस मी.

रविवारी मात्र वीज होती. खिडक्यांना चादरी लावल्या. पोरं सुतळीच्या गाठीनं ठरलेल्या जागी बसली. मी अप्पांना आणायला सुनंदाताईंनाच पाठवलं होतं, माझी हिंमत नव्हती. ते आले, आणि पोरांनी सरकून त्यांना मधोमध जागा केली. सिनेमा सुरू झाला. एका खेड्यातल्या आजीची आणि तिच्या हट्टी शेळीची गोष्ट होती.

मी अंधारात वाकून गेलो आणि अप्पांच्या डाव्या बाजूला बसलो. मुद्दाम डाव्या. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आज लिहितोय. बराच वेळ गेल्यावर मी त्यांच्या त्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "अप्पा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

शब्द तोंडातून गेले. कुठेही पोचले नाहीत. पोचू नयेत म्हणूनच मी ती बाजू निवडली होती.

पण माझा श्वास त्यांच्या गालाला लागला असणार. त्यांनी अख्खी मान वळवून उजवा कान माझ्याकडे आणला. "काय म्हन्लास?"

"काही नाही. आवाज चांगला येतोय म्हटलं."

"हाव." पडद्यावरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. मग त्यांनी उजवीकडच्या मुलीला जरा सरकवलं आणि सतरंजीवर थोपटलं. "इकडं ये, ह्या बाजूला बस. तिकडचं मला कायबी कळत न्हाई."

मी उठून उजवीकडे जाऊन बसलो. आता बोललो असतो तर ऐकू गेलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात पडद्यावरची आजी शेळीला काहीतरी म्हणाली आणि पोरं खदाखदा हसली. इतक्या लवकर हसली की तिच्या वाक्याचा शेवट मला जेमतेम ऐकू आला. अप्पा हसले नाहीत. आजूबाजूला कुणाच्या तोंडाकडेही त्यांनी पाहिलं नाही. माझ्याकडे झुकून विचारलं, "काय म्हन्ली रे ती?"

मी त्यांच्या कानात सांगितलं, "ती शेळीला म्हणाली, तू शहाणी असतीस तर मी तुझं ऐकलं असतं."

अप्पांनी ते नीट ऐकून घेतलं. आणि मग मोठ्यानं हसले, सगळ्यांच्या नंतर, एकटेच.