ऐन तूतची गुप्त मतमोजणी

मत गुप्त असावं, हे लोकशाहीचं पहिलं तत्त्व आहे. लेबनॉनच्या डोंगरातल्या आमच्या ऐन तूत गावात ते इतकं कसोशीनं पाळतात, की कोणी कोणाला मत दिलं हे मतमोजणी होईपर्यंत कोणालाही कळत नाही.

पालिकेच्या निवडणुकीत आमच्याकडे सरकारी छापील मतपत्रिका नसते. नऊ जागांसाठी नऊ नावं मतदारानं स्वतः कागदावर आणायची. (स्वतः म्हणजे उमेदवारानं टाइप करून घरपोच दिलेली. मतदाराला उगाच त्रास नको.) नको त्या नावावर पडद्याआड रेघ मारायची मुभा आहे. आता नऊ नावं तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी क्रमांनी लावता येतात आणि गावात घरं एकशे चार. म्हणजे दर घराला वेगळा क्रम देऊनही पुढच्या काही हजार वर्षांची सोय होते. हे गणित माझा चुलतभाऊ वदीअ नौफल यानं बसवलं. तो स्वतः उमेदवार, आणि शाळेत गणितात दोनदा नापास. समाजसेवेची तळमळ माणसाकडून काय काय करून घेते, पाहा.

सातला मतदान संपलं, दारं लागली आणि केंद्रप्रमुख बाईंनी पेटी उघडली. बाई समुद्राकाठच्या शहरातल्या शिक्षिका, भल्या स्वभावाच्या. कायद्याप्रमाणे त्या एकेक कागद उलगडून मोठ्यानं वाचू लागल्या. वदीअचा प्रतिनिधी म्हणून मी समोर वही घेऊन होतो. क्रम ऐकायचा आणि घरावर खूण करायची: पाववाला आपला, न्हावी आपला, डॉक्टर फितूर. बाई मला म्हणाल्या, आमच्याकडचे प्रतिनिधी डुलक्या काढतात, तुम्ही किती मन लावून ऐकता. मी त्यांचे आभार मानले.

स्वतःचं नाव शेवटी, हा क्रम वदीअनं आपल्याच घराला ठेवला होता. (विनय.) शेवटचं नाव आपलं, हे बायको नुहादला आणि आईला त्यानं चार-चारदा बोट ठेवून दाखवलं होतं. त्या क्रमाचे तीन कागद निघाले. तिसऱ्यावर बाईंनी आठ नावं वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "नववं खोडलंय. दोनदा."

नवव्या जागेसाठी विरोधी गटाचा मुन्जिद १९८, वदीअ १९७. ते एक मत मिळतं तर बरोबरी, आणि बरोबरीत वयानं मोठा निवडून येतो. वदीअ अकरा दिवसांनी मोठा आहे. तक्रार करायची तर कागद आपल्याच घरचा हे क्रमावरून सिद्ध करावं लागणार, आणि खूण केलेली मतं कायद्यानं बाद. म्हणजे उरलेली एकशे सत्त्याण्णवही गेली. कायद्यात पळवाट नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

घरी त्यानं आवाज चढवला नाही. आधी आईला विचारलं.

"मला मेलीला वाचता कुठं येतं? तू दिलास तो कागद पाकिटात घातला."

मग नुहादकडे वळला. ती कोथिंबीर निवडत होती; आमच्याकडच्या रीतीनं त्याला मुलाच्या नावानं हाक मारून म्हणाली, "अबू जाद, महिनाभर गावाला सांगत फिरलात, मत ज्याचं त्याचं, कोणी विचारायचं नाही. आता तुम्हीच विचारताय?"

तेव्हापासून तो आपली कॉफी आपणच करून पितो आणि दोघींशीही जपून बोलतो. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

रेघ कोणी मारली, हे मी सांगणार नाही. गुप्त मतदानावर माझी श्रद्धा आहे आणि तुमचीही असणारच. तरी तुम्ही एव्हाना दोघींपैकी एकीच्या नावावर खूण करून मोकळे झालात. पुढच्या निवडणुकीला आमच्याकडे या, वही मी देतो.