साहेबांचे पोट

साहेबांना जुलाब लागले, तेव्हा त्या घरात नवरा-बायकोचे बोलणे बंद होऊन वर्ष उलटून गेले होते.

साहेब म्हणजे कुत्रा. मुलीने पिल्लू असताना आणलेला, तपकिरी, जाड मानेचा. घरात कोणीही आले तरी जागचा उठायचा नाही, नुसती मान वर करून बघायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. म्हणून ते नाव. पुढे मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि साहेब मागे राहिले. तिला विमानतळावर सोडून घरी आल्यावर नवरा, म्हणजे चष्मेवाला, बायकोला एवढेच म्हणाला, की तुझ्या कटकटीला कंटाळून गेली पोर. बायको म्हणाली, कटकटीला नाही, तुमच्या मौनाला कंटाळून गेली. घरात बाप आहे की कपाट, हेच तिला कधी कळले नाही. दोन्ही वाक्ये नेमकी लागायची तिथे लागली. आपण कटकट्या नाही हे दाखवायला बायकोने बोलणेच सोडले. चष्मेवाला मुळातच मितभाषी. त्याला सोडण्यासारखे काही नव्हतेच.

संसार मात्र थांबला नाही. तो साहेबांच्या मार्फत चालू राहिला. "साहेब, सांगा त्यांना, गॅस संपत आलाय," असे बायको भांडी घासताना म्हणायची. "साहेब, ऐकलं म्हणावं," असे चष्मेवाला वर्तमानपत्रामागून म्हणायचा. साहेब दोघांचेही ऐकून घेत आणि कोणाचेच काम करत नसत. नावाला जागत म्हणायचे.

चष्मेवाल्याचे दुकान कोपऱ्यावर होते. दिवसभर तो गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत विचारायचा, "आता स्पष्ट, का मघाशी?" आणि लोक त्याला उत्तर द्यायचे. त्याच्या आयुष्यातला तेवढाच संवाद. बायको रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. जगाच्या पोटातले सगळे काचेखाली बघून ती घरी यायची, आणि घरात कोणी पोटाविषयी अवाक्षर काढायचे नाही हा तिचा लग्नापासूनचा दंडक होता. चष्मेवाल्याने एकदा काविळीतसुद्धा तो पाळला होता.

मुलीचा फोन दर रविवारी यायचा, चित्रासकट. "बाबा, जरा बाजूला सरक ना, तो दिसत नाहीये," हे तिचे बहुधा पहिले वाक्य असायचे. अशाच एका रविवारी तिला साहेब मान खाजवताना दिसले. त्यावरून तिने निदान केले, की त्यांना धान्य सोसत नाही. आठवड्याभरात ग्रेन-फ्री खाण्याचे भलेमोठे पोते घरपोच आले. गहू नाही, तांदूळ नाही, मका नाही. मासे, रताळी आणि वाटाणे. जुन्या खाण्यात आधी थोडेसे नवे मिसळायचे आणि मग हळूहळू वाढवत न्यायचे, असे तिने आईला प्रयोगशाळेत फोन करून बजावले. मग आईवर भरवसा नाही म्हणून बापाला दुकानात फोन करून बजावले. दोघांनाही ती म्हणाली, "तुझ्यावरच सोपवतेय हं."

झाले. बायको सकाळी वाडग्यात मूठभर नवे मिसळून आंघोळीला जायची. मागून चष्मेवाला यायचा, वाडग्यातले मूठभर काढायचा आणि मूठभर नवे घालायचा. जुने आणि नवे दाणे दिसायला सारखेच तपकिरी. संध्याकाळी हाच प्रकार उलट क्रमाने. एकाचे हळूहळू आणि दुसऱ्याचे हळूहळू एकत्र आले, आणि साहेबांचे धान्य तिसऱ्या दिवशीच सुटले.

पहिली वर्दी वाऱ्याने दिली. संध्याकाळी दोघे आपापल्या खुर्चीत बसलेले असताना खोलीत असा काही दर्प पसरला, की चष्मेवाल्याने चोरून बायकोकडे पाहिले. त्याच वेळी बायकोने त्याच्याकडे पाहिले. बोलायची सोय नव्हती. बायको उठली आणि जरुरीपेक्षा मोठा आवाज करत तिने खिडकी उघडली. चष्मेवाल्याला तो अपमान वाटला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले, तेव्हा त्याने उठून दुसरी खिडकी उघडली. दोन दिवस त्या घरात दोन सुशिक्षित माणसे एकमेकांना मनातल्या मनात घाणेरडी ठरवत, उघड्या खिडक्यांत कुडकुडत बसली होती. साहेब मध्ये पसरून घोरत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आपण होऊन दाराशी गेले आणि कण्हू लागले. चष्मेवाला त्यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरला. मधल्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी चढले. त्यांच्या खांद्यावर गालिच्याची गुंडाळी होती. खाली गाडीत ठेवून आपल्या मुलीच्या नव्या घरी न्यायचा होता, आदल्याच दिवशी धुवून आला होता, असे त्यांनी न विचारता सांगितले. चष्मेवाला 'वा' म्हणाला आणि वीज गेली.

अंधारात काय घडले ते कोणी पाहिले नाही. कळले मात्र सगळ्यांना. वीज आल्यावर सेक्रेटरींनी भिंतीला टेकवलेल्या गुंडाळीकडे पाहिले, मग स्वतःच्या बुटांकडे. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. "आजपासून हे जनावर जिन्याने," एवढेच ते म्हणाले, आणि गालिचा तिथेच सोडून चालते झाले.

त्या दिवशी चष्मेवाल्याने दुकान उघडले नाही. बायकोही कामावर गेली नाही. गुरांच्या डॉक्टरांकडे साहेबांना मध्ये घेऊन दोघे एका बाकावर बसले. डॉक्टर तरुण होते आणि थकलेले होते. खाणे कोण घालते, असे त्यांनी विचारले.

"मी," दोघे एकदम म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. नवे किती मिसळायचात, हा प्रश्न त्यांनी आधी बायकोला विचारला, मग चष्मेवाल्याला, आणि मनाशी बेरीज केली. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?"

"बोलतो की," दोघे पुन्हा एकदम म्हणाले. वर्षभरात त्यांचे एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि ती खोटी होती.

डॉक्टर म्हणाले, दोष धान्याचा नाही आणि नव्या खाण्याचाही नाही, दोष घाईचा आहे. आतडी ही सवयीची गुलाम. एकदम काढून घेतले की बिघडतात. पोट ठिकाणावर येईपर्यंत मऊ भात द्या आणि मग नवे खाणे अगदी चिमटी-चिमटीने. खाज अंघोळीच्या साबणाची दिसते, तो बदला. "आणि दर वेळी नीट बघा, कसं होतंय, काय रंग आहे. एकमेकांना सांगत जा. तेवढं तरी बोला."

आता घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट बंद, बायकोचे गुडघे दुखरे, आणि साहेबांना केव्हा लागेल याचा नेम नाही. पाळ्या लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाळ्या लावायच्या म्हणजे आधीच्याने नंतरच्याला खबर देणे आले. पहिल्यांदा चष्मेवाला धापा टाकत वर आला, तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने साहेबांकडे पाहिले, जिन्याकडे पाहिले, आणि शेवटी नाइलाजाने नवऱ्याकडे पाहिले.

"रंग?" ती म्हणाली.

"पिवळसर."

"पिवळसर म्हणजे? लिंबासारखा, का मोहरीसारखा?"

"मोहरी. जरा फिकट."

"चिकट होता?"

चष्मेवाल्याला सांगता येईना. "नीट बघत जा हो," ती म्हणाली. त्या 'हो'ने त्याला जिन्यापेक्षा जास्त धाप लागली.

मग ते बोलू लागले. सकाळी, दुपारी, जेवताना. तिचा दंडक तिनेच मोडला. आधी विषय साहेबांच्या बैठकीपुरताच होता, पण त्याला फाटे फुटले. कोणती पायरी निसरडी आहे, खालचा पहारेकरी कसा तोंड फिरवतो, प्रयोगशाळेत एकदा कोणी नमुन्याच्या डबीत मुरांबा पाठवला होता. चष्मेवाल्याने हे कधी ऐकले नव्हते. तो तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आला. तिने तो काही न बोलता बांधला, आणि दुसऱ्या दिवशी सैल होतो म्हणून तक्रार केली. त्याला ती कटकट इतकी गोड लागली, की पट्टा बदलून आणायला तो मुद्दाम विसरला.

रविवारी फोन आला तेव्हा भाताचे पातेले ओट्यावरच होते. मुलीला भाताचे सांगायचे नाही, हे दोघांनी नुसत्या डोळ्यांनी ठरवले. बायकोने पातेल्यावर फडके टाकले. मुलीने नेहमीप्रमाणे बापाला बाजूला सरकवले, आणि पडद्यावर साहेबांचे तोंड आले, मिशांना शिते चिकटलेले.

"त्याच्या तोंडाला काय लागलंय?"

"फेस," बायको शांतपणे म्हणाली. "साबण बदललाय. आत्ताच अंघोळ घातली."

साहेबांनी जीभ बाहेर काढून तो फेस चाटून खाल्ला. चष्मेवाला घाईने स्वयंपाकघरात गेला. फोन ठेवून बायकोही आली, आणि ओट्याला धरून दोघे हसत सुटले. हसताना तिच्या खालच्या दातांत एक खिंडार दिसले. दात केव्हा काढला, त्याला माहीत नव्हते. दिवसभर तो जगाच्या डोळ्यांत बघत होता आणि घरातले एवढे भगदाड त्याला दिसले नव्हते. विचारायला उशीर झाला होता, म्हणून त्याने विचारले नाही.

पुढे जे व्हायचे तेच झाले. साहेब बरे झाले. नवे खाणे चिमटी-चिमटीने अंगी लागले. एका सकाळी चष्मेवाला वर आला आणि दारातूनच म्हणाला, "घट्ट." "बरं झालं," बायको म्हणाली. मग दोघे उभे राहिले. त्याला वाटले, ती काहीतरी विचारेल. तिलाही बहुतेक तसेच वाटत असावे. साहेब पाणी पिऊन आपल्या जागी जाऊन पडले, आणि बायको कामावर जायला तयार होऊ लागली. संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, "साहेब, सांगा त्यांना, दूध नासलंय."

तेही फार दिवस टिकले नाही. मुलीला कुत्रा चालणारे घर मिळाले होते. पाठवणीचे सगळे तिने तिथूनच ठरवले. एका दुपारी दोन माणसे पिंजरा घेऊन आली, साहेबांना त्यात बसवले आणि लिफ्टने खाली घेऊन गेली. सेक्रेटरींनी त्या दिवसापुरती परवानगी दिली होती. साहेबांनी जाताना मागे वळून पाहिले नाही. पिंजऱ्यात वळायला जागाच नव्हती. मुलगी फोनवर म्हणाली, "सुटलात बाई एकदाचे. आता तुम्ही दोघं मोकळे."

त्या संध्याकाळी घरात इतके मोकळे झाले, की चमचा ठेवल्याचा आवाज शेजारी जावा. दोघे समोरासमोर जेवले. निरोप न्यायला मध्ये कोणी नव्हते. चष्मेवाला खाली मान घालून खात राहिला, कारण खाण्याव्यतिरिक्त करण्यासारखे काही नव्हते. बायकोने न विचारता दुसऱ्यांदा वाढले. तेही त्याने संपवले, आणि बोटाने ताट पुसून घेतले.

ती ताटे उचलायला उठली. त्याचे ताट हातात घेतल्यावर थांबली. तिला काहीतरी म्हणायचे होते आणि सापडत नव्हते, हे त्याला दिसले. बऱ्याच वेळाने तिने वर्षभरात केवळ एकाच विषयावर चाललेली आपली जीभ त्याच विषयाकडे वळवली.

"तुमचं पोट बरं आहे ना?"

चष्मेवाल्याचे पोट जन्मात कधी इतके बरे नव्हते.

"नाही गं," तो म्हणाला. "सकाळपासून जरा सैलच आहे."

बायकोने हातातल्या ताटाकडे पाहिले. दोनदा वाढून घेतलेले, पुसून लख्ख केलेले ताट. मग तिने नवऱ्याकडे पाहिले. तो मिठाच्या भांड्याकडे बघत होता.

तिने ताट परत खाली ठेवले, खुर्ची ओढली आणि बसली.

"रंग?" तिने विचारले.