आपटेकाकांचा कडुनिंब

दर मे महिन्यात एका सकाळी आपटेकाका लखनौतल्या आमच्या 'वृंदावन योजना' कॉलनीत घरोघरी कडुनिंबाची पानं वाटतात. पाडव्याला खातो तशी गूळ-जिरे घालून नव्हे, नुसती. आणि पानं हातात देऊन जातील तर ते काका कसले! दारात उभे राहतात, आपण नीट चावून गिळली याची खात्री करतात, मगच पुढच्या घरी.

काका निवृत्त अणुशास्त्रज्ञ. मुलगा लखनौत नोकरीला, म्हणून इथे आले. अशाच एका मे महिन्यात वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी झाली तेव्हा स्फोटाचं गणित करणाऱ्यांत ते होते. त्या दिवशी त्यांनी वसाहतभर पेढे वाटले. स्वतः अकरा खाल्ले, हे तेच सांगतात. पुढे कधीतरी त्यांनी त्याच गणितात एका शहराची वस्ती घालून पाहिली आणि त्यांचं गोड सुटलं ते कायमचं. "गणित माझं बरोबर होतं," एवढंच म्हणतात. पेढे खाणारे केव्हाच पांगले. प्रायश्चित्त आम्ही भोगतोय.

त्यांच्याशी साधं बोलायची सोय नाही. माझी बायको रिक्षात बसत होती, तर विचारलं, "कुठे?"

"अमीनाबादला. दोन कुर्ते घ्यायचेत."

"अमीनाबाद पहिल्या वर्तुळात. काही उरणार नाही."

"आणि अलीगंज?" मी मागून खोडी काढली.

"दुसऱ्या. तिथली माणसं सावकाश मरतील."

बायकोने त्या दिवशी कुर्ते घेतले नाहीत.

बाकी कॉलनीला यातलं काही कळत नाही. शेजारचे मिश्राजी तर दरवर्षी पानं जास्तीची मागून घेतात. "अंकल, आपके नीम से शुगर कंट्रोल में है!" काका त्यांना लाखो माणसांचं मरण समजावत असतात आणि मिश्राजी मान डोलावत चावत असतात.

घरी मात्र काका गप्प. हॉलमध्ये मुलाने त्यांचा वाळवंटातला फोटो लावलाय. नात इरा लहानपणी मैत्रिणींना तो मिरवून दाखवायची, तेव्हा तिला सांगायचं राहून गेलं. पानं शुगरसाठी, हीच तिचीही समजूत. ती फिजिक्समध्ये एम.एस्सी.ला गेली तेव्हा काका हादरले. "तिला एकदा समोर बसवून सांगणार आहे. माझ्या त्या जुन्या लॅबमध्ये ती जाता कामा नये," असं म्हणत दोन वर्षं ते बागेतल्या बाकावर माझ्यापुढे तालीम करत होते. मला ते भाषण पाठ झालं.

यंदा पानं वाटून झाल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. मूठभर पानं त्यांनी मुद्दाम राखली होती. "आज सांगतोच. तू थांब."

इरा दारातच भेटली. हातात पेढ्यांचा डबा.

"आजोबा, मेरा हो गया! आपकी ही लैब में!"

काकांनी मूठ पाठीमागे नेली.

"कॉलेज में पढ़ाने का भी ऑफर था," ती म्हणाली, "पर मैंने सोचा, आजोबा सबसे ज़्यादा इससे खुश होंगे. मुँह खोलिए ना!"

आता बोलतील म्हणून मी वाट पाहिली. काकांनी तोंड उघडलं. तिने अख्खा पेढा भरवला.

"कैसा है?"

"छान आहे, बाळ. फार छान."

ती नाचतच आत फोन करायला गेली. मला त्यांचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, डोळेही भरून आले.

"काका, बोलला का नाहीत?"

"तिचा चेहरा पाहिलास ना? पहिल्यांदाच तिने माझ्यासाठी काही केलं रे."

मग त्यांनी मूठ उघडली. "ही तिच्या वाटची," म्हणाले, आणि सगळी पानं स्वतःच्याच तोंडात कोंबली. चावत राहिले, पण काही केल्या घशाखाली उतरेनात. मी दारात उभा राहिलो, त्यांनी गिळेपर्यंत.