येऊन राहिलो

पारा पंचेचाळीसवर असताना, भर दुपारी कानटोपी आणि लोकरीचे हातमोजे घालून सायकलवरून जाणारा माणूस अकोल्यात एकच आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. दामूकाका तायडे. नव्या माणसाला वाटतं, यांना ऊन लागलं. काकांचं मत असं, की आपण सोडून बाकी सगळ्या अकोल्यालाच ऊन लागलेलं आहे.

काका मूळचे तेल्हाऱ्याचे, धंद्यानं डिझेल मेकॅनिक. वीस-बावीस वर्षांपूर्वी ते अंटार्क्टिकाला गेले होते, तिथल्या आपल्या देशाच्या तळावरचे जनरेटर सांभाळायला. चौदा महिने राहिले. परत आले तेव्हा सत्कार झाला, हार पडले, मग लोक विसरले. आमच्या गल्लीत त्यांचं ‘बर्फवाले काका’ एवढं नाव उरलं. लग्नसराईत एखादा तरी दारात येऊन विचारतो, “काका, दोन लाद्या भेटतीन का?” काका रागावत नाहीत. कारखान्याचा पत्ता देतात आणि तो वळला की मागून विचारतात, “काहून रे, तुले वेल्डिंग येते का?”

कारण काकांना टीम बनवायची असते. तळावर शास्त्रज्ञ जातात, तसे इलेक्ट्रिशियन, वेल्डर आणि स्वयंपाकीही जातात. त्यांची जाहिरात निघते. “जाहिरात पेपरात येते आन् आपले पोट्टे त्याच पेपरावर पोहे खातेत,” हे काकांचं जुनं दुःख. म्हणून रिटायर झाल्यापासून दर उन्हाळ्यात ते चार-सहा कोरी माणसं गोळा करतात, चाळतात, तयार करतात आणि अर्ज भरायला लावतात. त्यांना न विचारता अर्ज भरायला कोणाची मनाई नव्हती. पण तशी हिंमत कोणी केली नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी त्या टीममध्ये मी होतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन. वडील गेलेले, घरी आई आणि मी. अकोला सोडून फार तर अमरावतीपर्यंत गेलेलो. आपण एकदा तरी दूर, अगदी शेवटापर्यंत जावं, असं मला लहानपणापासून वाटायचं, पण हे बोलून दाखवायचं कोणाला? काकांनी न विचारताच ओळखलं आणि माझ्या डोक्यावर कानटोपी चढवली.

शाळा भरायची कोल्ड स्टोरेजमध्ये, मिरचीच्या पोत्यांच्या मधोमध. मालक काकांच्या ओळखीचा होता. तिथं हातात दोन-दोन मोजे चढवून नटात बोल्ट बसवायचा. बोल्ट निसटला की पहिल्यापासून. थंडीनं नाक गळायचं आणि मिरचीनं शिंका यायच्या. काका भिंतीवरचं थर्मामीटर दाखवत म्हणायचे, “तिथी उणे चाळीस असते. इथी अधिक चार हाये. बाकीचे चव्वेचाळीस मनात पकडा.” मग स्वतःच्या अंगणात दोरी बांधून, डोळ्यांवर रुमाल आवळून, दोरी धरून चालायला लावायचे. वादळात स्वतःचा हात दिसत नाही, दोरी सुटली की माणूस सुटला, असं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

पण त्यांची खरी परीक्षा थंडीची नव्हतीच. एक दिवस ते आम्हां चौघांना तेल्हाऱ्याला एका नात्यातल्या लग्नाला घेऊन गेले. आम्हाला वाटलं, सुट्टी मिळाली. काकांनी आचाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आम्हाला शेवटच्या पंगतीत बसवलं, बुंदी आमच्यापाशी येता येता संपली आणि भाजीत नुसता रस्सा आला. वेल्डर गजू पान तसंच सोडून उठला. “आमी काय भीक मांगाले आलो काय बाप्पा?” असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं. परतीच्या एसटीत काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, “तू नापास.”

“काहून?”

“तिथी वीस मानसं असतेत, आन् दुसऱ्या घरी जाऊन बसाले दुसरं घर नसते. आमच्यातला एक जन लोनच्याच्या बरनीवरून दोन महिने रुसून बसला होता. थंडीचं औषध हाये भौ, रुसव्याचं नाई.”

बुंदीवाचून मी निभावलो. माझी गाडी अडली ती शेवटच्या परीक्षेत.

ही परीक्षा फोनची. अंगणात कडुलिंबाखाली बसायचं, घरी फोन लावायचा, स्पीकर चालू ठेवून तीन मिनिटं बोलायचं. अट एकच, ‘येऊन राहिलो’, म्हणजे ‘येतोच आहे’, असं म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या वऱ्हाडात हे म्हटल्याशिवाय फोन ठेवताच येत नाही. माणूस खाटेवर आडवा असला तरी ‘येऊन राहिलो’ म्हणतो, चहा अर्धा उरला असला तरी म्हणतो, आंघोळीला जायचा असला तरी म्हणतो. ते खोटंही नसतं. पलीकडच्याला बरं वाटावं म्हणून ते म्हणायचं असतं.

मी दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा आईनं शेवटी विचारलं, “कवा येतं रे?” आणि दोन्ही वेळा तोंडातून निघून गेलं. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा काका माझ्या हातातला फोन घेत म्हणाले, “तू नोको जाऊ. घरीच राय.” मी चिडलो. बोल्ट बसवले, दोरीवर चाललो, बुंदी सोडली आणि दोन शब्दांसाठी माझं जाणं राहणार? कानटोपी खाटेवर टाकून मी घरी आलो आणि आईसमोर काकांना वेडं ठरवलं.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “येडे नाईत ते. तुले शांताबाई आठवते?”

शांताकाकू म्हणजे काकांची बायको. मला तिचा चेहरा पुसट आठवतो.

“हे तिथी होते तवा तिच्यासाठी यायचा फोन आपल्याच घरी येत जाय,” आई सांगू लागली. “महिन्यातून एकदा, तीन मिनिटं. शांताबाईच्या छातीत पानी झालं होतं. तिनं विचारलं, कवा येता? यायनं सवयीनं म्हटलं, येऊन राहिलो. झालं. घरी गेली आन् मले म्हने, वैनी, चुलीवर पानी ठेवा, दमून येतीन. मी म्हटलं, बाई, जहाजाले अजून सात महिने हायेत. तर म्हने, नाई, ते सोता म्हनले. रोज सांजच्या वक्ती माह्याकडून पानी ठेवून घे. दाराकडे तोंड करून बसे. नऊ दिवस ठेवलं मी. दहाव्या दिवशी ते पानी तिच्याच आंघोळीले लागलं.”

तांदळात खडा सापडला होता. आईनं तो बाजूला टाकला आणि डोळ्यांना पदर लावला. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कडुलिंबाखाली बसलो. आईनं विचारलं, “कवा येतं?” मी म्हटलं, “येत्या मार्चात नाई, त्याच्या पुढच्या मार्चात येईन, माय. त्याच्या आधी येता येत नाई. काई झालं तरी येता येत नाई.”  मग आई म्हणाली, “बरं. मी राहीन तवरक.” काकांनी मान हलवली आणि आत जाऊन अर्जाचे कागद आणले.

माझी निवड झाली. काकांच्या शाळेतला पहिलाच मी. अकोल्याच्या स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मी आपल्या रीतीप्रमाणे म्हणालो, “येतो काका.” काका फलाटावरून ओरडले, “जातो म्हन!” डब्यातल्या बायका दचकल्या. मी ‘जातो’ म्हणालो.

तिथल्या बर्फाचं सांगत नाही, ते काकांचं आहे. आता तिथून रोज फोन लागतो, चेहराही दिसतो. आई विचारायची आणि मी तारीख सांगायचो, दर वेळी तीच तारीख. त्याच तारखेला मी मार्चच्या रणरणत्या दुपारी रिक्षातून गल्लीत उतरलो. आई दारात उभी होती, धडधाकट. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि डोळ्यांनीच शेजारी दाखवलं.

काकांच्या अंगणात चूल पेटली होती. तिच्यावर हंडा होता आणि घामानं निथळत काका काटक्या सारत होते. डोक्यावर कानटोपी नव्हती. गॅस असलेल्या घरात ती चूल कित्येक वर्षं पेटलेली मी पाहिली नव्हती.

“घे, आंग धुऊन घे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “दमला असशीन.”

बाहेर चाळीस डिग्री होतं. मी ते कढत पाणी बादलीत घेतलं आणि डोक्यावरून घेत राहिलो. एक तांब्याही गार पाणी त्यात मिसळलं नाही.